आलिकांतेच्या धक्क्यावर

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरील आलिकांते शहरात येणारा प्रवासी ज्या विमानतळावर उतरतो, त्याला मिगेल एर्नांदेस या कवीचे नाव आहे. २०२४ साली या विमानतळावरून १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. उन्हाच्या ओढीने लोटणाऱ्या या गर्दीपैकी कितीजणांना ठाऊक असते, की लहानपणी शेळ्या राखणारा हा कवी प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला आणि २८ मार्च १९४२ रोजी याच शहराच्या तुरुंगात क्षयाने मेला?

सांता बार्बाराचा किल्ला प्रेक्षणीय आहे, यात शंका नाही. पण या शहराचा खरा इतिहास बंदराच्या धक्क्यावर घडला. मार्च १९३९ च्या अखेरीस फ्रँकोच्या फौजांपुढे हटत आलेले हजारो कामगार, सैनिक, बायका-मुले येथे जहाजांची वाट पाहत होती. संत्री आणि केशर भरून नेण्यास आलेल्या ‘स्टॅनब्रुक’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाचा कप्तान आर्चिबाल्ड डिक्सन याने माल धक्क्यावरच सोडला आणि २८ मार्च रोजी २,६३८ माणसे घेऊन ओरानकडे प्रयाण केले. मागे राहिलेल्यांना न्यायला कोणी आले नाही. लोकशाहीचा जप करणाऱ्या ब्रिटन-फ्रान्सच्या सरकारांनी महिनाभर आधीच फ्रँकोला मान्यता देऊन टाकली होती! एका कप्तानाला जे सुचले ते दोन साम्राज्यांना सुचू नये? मुसोलिनीच्या फौजा शहरात शिरल्या आणि धक्क्यावरच्या माणसांची रवानगी छळछावण्यांत झाली.

हा लढा महाराष्ट्राला अगदीच परका नव्हे. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार ‘जॉन स्मिथ’ या नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले आणि फ्रँकोच्या कैदेत राहिले.

जुलै २०२४ मध्ये, ज्या व्हॅलेन्सिया प्रदेशात हे शहर येते, तेथील विधिमंडळातील उजव्या पक्षांनी २०१७ चा स्मृतिविषयक कायदा मोडीत काढून ‘सलोख्या’चा कायदा संमत केला. १९३१ पासून आजपर्यंतच्या हिंसेचे बळी त्याने एकाच मापात बसविले आहेत. सलोखा कोणाला नको असतो? परंतु १९३१ हे प्रजासत्ताकाच्या स्थापनेचे वर्ष. हुकूमशाहीला प्रारंभ झाला तो १९३६ च्या लष्करी बंडाने. हिशेब पाच वर्षे मागून सुरू केला, की बंडखोर आणि ज्यांच्यावर बंड लादले गेले ते, दोघेही सारखेच दोषी दिसू लागतात. या कायद्याचा सारा डाव एवढाच आहे.

बंदरावर डिक्सनचा अर्धपुतळा आहे. किल्ला चढण्यापूर्वी प्रवाशाने तेथे जावे. नोव्हेंबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने ‘स्टॅनब्रुक’ बुडविली. कप्तानासह जहाजावरील एकही माणूस वाचला नाही.