वारंवार मुरगळणाऱ्या घोट्याचा निवाडा

एकदा मुरगळलेला घोटा पुढे वर्षानुवर्षे त्याच अंगाला वळत राहावा, सपाट फरसबंदीवरसुद्धा माणसाने पाऊल जपून टाकावे, आणि विचारले असता ‘माझा घोटा मुळातच कच्चा’ असे उत्तर त्याने निर्विकारपणे द्यावे, हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास आहे की त्याला व्याधी म्हणण्याचेही कोणास सुचत नाही. वस्तुतः ही व्याधीच आहे. पहिल्या मोठ्या दुखापतीस वर्ष उलटूनही घोटा दगा देत राहिला, तर वैद्यकशास्त्र तिला घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणते. तिच्या उपचारांविषयी तीन मते प्रचलित असून, आमच्या समजुतीप्रमाणे तिन्ही सदोष आहेत.

पहिले मत विश्रांतिवाद्यांचे. घोट्यावर आंबेहळदीचा लेप द्यावा, पट्टी बांधावी, सूज उतरेपर्यंत पाय उशीवर ठेवावा आणि मामला मिटला असे समजावे, एवढीच त्यांची चिकित्सा. परंतु पाऊल आत वळते तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणतात किंवा तुटतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांतील संवेदनतंतूंनाही इजा होऊन पावलाच्या स्थितीची वर्दी मज्जासंस्थेस यथाकाल पोचेनाशी होते, असे प्रतिपादन इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ सालीच केले होते. त्या उपपत्तीत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. पण घोट्याला तोल राखण्याचे शिक्षण नव्याने द्यावे लागते, हा त्यांचा निष्कर्ष टिकून राहिला. विश्रांतीने अस्थिबंध सांधतील. शिक्षण काही निजून मिळत नाही.

दुसरे मत असे की हाड जागचे सरकले आहे, ते जाणत्या हाताने बसवले की काम झाले. हा केवळ गावच्या हाडवैद्याचा समज आहे असे मानण्याचे कारण नाही. मुरगळल्यावर पायाच्या बाहेरच्या हाडाचे खालचे टोक किंचित पुढे सरकत असावे, असा तर्क न्यूझीलंडचे विख्यात उपचारतज्ज्ञ ब्रायन मलिगन यांनीही मांडला. तथापि प्रत्यक्ष मोजमापांत एकवाक्यता नाही; कोणास ते टोक पुढे आढळले, तर कोणास मागे. हात लागताच वेदना शमते आणि सांधा मोकळा होतो हे खरे असले, तरी तेवढ्याने हाड जागी बसल्याची रुजुवात होत नाही. आणि ते बसले असे गृहीत धरले, तरी निष्काळजी झालेले स्नायू त्यामुळे सावध होत नाहीत.

तिसरे मत याच्या नेमके उलट. हस्तोपचार म्हणजे चोळण्याला दिलेले भारदस्त नाव, खरा इलाज काय तो व्यायाम, असे हे पंडित सांगतात. हस्तोपचाराचा परिणाम अल्पकाळ टिकतो, ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण मुरगळलेल्या पुष्कळ घोट्यांत पाऊल नडगीकडे पुरेसे वाकत नाही, याकडे ते दुर्लक्ष करतात. पाहायचे असल्यास भिंतीसमोर उभे राहून, टाच जमिनीला टेकलेली ठेवून, गुडघा भिंतीला लावावा आणि अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते दोन्ही पायांत ताडून पाहावे. जिना उतरताना, उकिडवे बसताना हीच हालचाल लागते. ती अडलेली असता करवलेला व्यायाम अडलेल्या सांध्यालाच पक्का करतो. घोट्याच्या खोबणीतले टालस नावाचे हाड मागच्या दिशेने हलके सरकवण्याचा उपचार दोन आठवडे केल्यास ही हालचाल व तोल दोन्ही सुधारतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

यावरून आमचा पक्ष स्पष्ट होईल. हस्तोपचाराचा अधिकार सांधा मोकळा करण्यापुरता आणि थोड्या मुदतीचा. त्या मुदतीत जो व्यायाम व्हावयाचा, तोच खरा उपचार. नुकत्याच मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर नेदरलँड्समध्ये केलेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे निर्णायक वाटतो. रूढ उपचारानंतर सुमारे निम्म्या खेळाडूंना आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, घरीच तोलाचे व्यायाम करावयास सांगितले. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्क्यांचा, तर इतरांपैकी ३३ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला. हा लाभ कोणा उपचारकाच्या हाताने झालेला नाही, हे ध्यानी घ्यावे. पाऊल वळू लागल्यावर पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू आखडेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून ते पाऊल टेकण्यापूर्वीच सज्ज असावे लागतात. आणि ही सज्जता एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून उभे राहणे, मग डळमळत्या फळीवर, आणि शेवटी उडी मारून स्थिर होणे, अशा चढत्या क्रमानेच अंगी बाणते.

अपवादही नमूद केले पाहिजेत. अस्थिबंध फारच सैल पडून नेटाने केलेल्या व्यायामासही जो घोटा दाद देत नाही, त्याच्यासाठी ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली वर्णिलेली शस्त्रक्रिया आहे. आणि नव्या दुखापतीत चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर क्ष-किरण चित्र पाहिल्यावाचून कोणाचाही हात घोट्याला लागू देऊ नये.

तेव्हा वाचकांना आमची विनंती इतकीच, की उपचारकाकडून उठताना ‘आता घरी मी काय करावयाचे?’ हा प्रश्न त्याला अवश्य विचारावा. महिनोन्महिने केवळ हात फिरवून जो या प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याच्या हाताला कितीही गुण असला, तरी तो अर्धाच उपचार करीत आहे. उरलेला अर्धा रोग्याने स्वतःच करावयाचा आहे.