जा, साहेबांना विचारा!

माणसानं सकाळी साडेसहाला उठून काय करावं याबद्दल आपल्याकडे बरंच लिहून ठेवलेलं आहे. फिरायला जावं, सूर्यनमस्कार घालावेत, गेला बाजार तांब्याभर कोमट पाणी तरी प्यावं. पण साडेसहाला उठून अमेरिकेतल्या मेंफिस गावच्या बास्केटबॉल संघापायी जीव खालीवर करून घ्यावा, असं कुठल्याच ग्रंथात सांगितलेलं नाही. मी मात्र गेली काही वर्षं नेमकं तेच करतो आहे. थंडीच्या दिवसांत तिकडे संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा सांगलीत दुसऱ्या दिवशीचे साडेसहा झालेले असतात. दूधवाला, सौ.चा कुकर आणि मेंफिस ग्रिझलीज या तिघांच्या शिट्ट्या आमच्याकडे एकदमच वाजतात.

याला कारण आमचा भाचा. तो नोकरीसाठी मेंफिसला गेला आणि एका दिवाळीला त्यानं मामासाठी १२ नंबरची बंडी पाठवली. खेळाडूच्या मापाची असल्यामुळे ती मला गुडघ्यापर्यंत येते. पण आपल्या अंगावर कुणाचा नंबर आहे याची चौकशी करावी म्हणून मी सामने बघायला बसलो, तो बसलोच.

१२ नंबर म्हणजे जा मोरांट. नाव खरंच ‘जा’. पूर्ण नाव टिमीट्रियस जमेल मोरांट. ज्याच्या एका नावात ‘जा’ आणि दुसऱ्यात ‘जमेल’ आहे, त्याला मराठी माणूस परका कसा म्हणेल? आमच्या सौ.नं तर त्याला पहिल्याच दिवशी घरचा करून टाकलं. “तुमचा तो मोरे आज खेळणार आहे का? नसेल तर दळण घेऊन या.”

आता या मोऱ्यांच्या पोराबद्दल मला जे भांडायचं आहे ते भांडण्याआधी त्याचं देणं चुकतं केलं पाहिजे. जमा बाजू आधी लिहायची, हा आमचा शिरस्ता. साउथ कॅरोलायनातल्या डॅलझेल नावाच्या खेड्यात बापानं अंगणात ट्रॅक्टरचे टायर टाकून त्याच्याकडून उड्या मारून घेतल्या. शाळेत असताना त्याला कोणी विचारत नव्हतं. एका शिबिरात मरे स्टेट विद्यापीठाचा साहाय्यक कोच काहीतरी खायला शोधत फिरत होता, तेव्हा बाजूच्या मैदानावर हा खेळताना त्याला दिसला. म्हणजे त्या कोचला भूक लागली नसती, तर माझ्या सकाळी आज सुखात गेल्या असत्या.

२०१९ मध्ये मेंफिसनं त्याला घेतला. पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित, २०२२ मध्ये सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू. २८ फेब्रुवारी २०२२ चा सॅन अँटोनियोविरुद्धचा सामना तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. आपल्याकडे १ मार्च उजाडला होता, महाशिवरात्र होती, बँकेला सुट्टी होती, पुढ्यात साबुदाण्याची खिचडी होती. आणि या पोरानं एका सात फुटी माणसाच्या डोक्यावरून चेंडू टोपलीत कोंबला. मध्यंतराला अर्धा सेकंदसुद्धा उरला नव्हता, तेव्हा पार दुसऱ्या टोकाकडून आलेला चेंडू हवेत झेलून हवेतूनच टाकला आणि तोही आत गेला. एकूण ५२ गुण. माझा घास हातातच राहिला. उपवास इतका कडकडीत घडण्याची ती पहिलीच वेळ.

तेव्हा त्याला खेळता येतं का, हा वाद नाहीच. वाद त्याच्या हातात दिलेल्या चार्जचा आहे.

बँकेत बदली झाली की जुना माणूस नव्याला किल्ल्या, शिक्के, रजिस्टरं मोजून देतो आणि सही घेतो. मेंफिसात त्याच्या आधी बारा वर्षं माईक कॉन्ली होता. शांत माणूस. आरडाओरडा नाही, छाती बडवणं नाही. २०१९ मध्ये त्याला साऱ्या लीगमधला सर्वोत्तम सहकारी म्हणून पुरस्कार मिळाला आणि त्याच उन्हाळ्यात त्याला युटाला धाडून त्याच्या खुर्चीवर आमचा जा बसला. चेंडू मिळाला, संघ मिळाला, गाव मिळालं. पुढे पाच वर्षांचा करारही मिळाला, सुमारे एकोणीस-वीस कोटी डॉलर्सचा. (हा आकडा मी कॅल्क्युलेटरवर रुपयांत करून बघितला. मग कॅल्क्युलेटर उलटा ठेवला.) फक्त रजिस्टरवर सही करायची तेवढी राहिली असावी.

डिसेंबर २०२२ मध्ये त्यानं मुलाखतीत सांगितलं, की आपल्याला पश्चिम विभागात कोणाची फिकीर नाही. चांगलं आहे. तरुण रक्त आहे. त्या हंगामात संघ पश्चिमेत दुसरा आला आणि पहिल्याच फेरीत सातव्या आलेल्या लेकर्सकडून बाहेर पडला. शेवटचा सामना १२५-८५. चाळीस गुणांनी! मी बंडी घातली होती. ती मी चहाच्या कपासकट लपवली.

मधल्या काळात पिस्तुलाचं प्रकरण झालं. मार्च २०२३ मध्ये डेन्व्हरजवळच्या एका नाइटक्लबात पिस्तूल हातात धरून या गृहस्थानं स्वतःच स्वतःचं थेट प्रक्षेपण केलं. ८ सामन्यांची बंदी. मे महिन्यात मोटारीत बसून पुन्हा तेच. आता २५ सामने, बिनपगारी. एप्रिल २०२५ मध्ये तर नुसत्या बोटांची बंदूक करून दाखवल्याबद्दल ७५ हजार डॉलर्स दंड झाला, तेव्हा त्यानं बंदूक सोडून खोटा हातबाँब फेकायला सुरुवात केली. आमच्या बँकेतही बंदूक आहे. दुनळी. ती शेवटची कधी उडाली हे कोणालाच माहीत नाही, आमचा वॉचमन तिला जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवतो. शस्त्राचा याहून सभ्य उपयोग मी पाहिलेला नाही.

पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, मला बंदुकीपेक्षा खातेवही जास्त बोलते. २०२१-२२ मध्ये तो २५ सामने खेळला नव्हता. त्यांपैकी २० संघानं जिंकले. २०२३-२४ मध्ये बंदीमुळे पुन्हा २५ सामने बाहेर. जिंकले ६. पहिल्या आकड्यावरून लोक म्हणतात, याच्यावाचून काही अडत नाही. दुसऱ्यावरून म्हणतात, बघा, याच्यावाचून सगळंच अडतं. दुसऱ्या वेळी आणखीही लोक जायबंदी होते, हे मला मान्य. तरी माझा हिशेब निराळा आहे. पहिल्या वेळी मुख्यतः वैद्यकीय रजा होती आणि दुसऱ्या वेळी मेमो. घरातला कर्ता माणूस आजारी पडला तर घर कंबर कसतं. तोच चौकीवर बसला असेल तर घरातल्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघून कंबर कसायची?

तरीही हे सगळं मी पचवलं होतं. बंदी संपवून डिसेंबर २०२३ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला उतरला, ३४ गुण केले, शेवटच्या क्षणी टोपली करून सामना जिंकून दिला आणि मी सौ.ला न विचारता शेजारी पेढे वाटले. नऊ सामन्यांत खांदा निखळला, तेही सोसलं. खांदा कोणाच्या हातात असतो?

ठिणगी पडली ती ३१ ऑक्टोबर २०२५ च्या सामन्यानं. पुन्हा लेकर्स, पुन्हा हार, ११७-११२. जा नं १४ वेळा चेंडू टाकला, ३ वेळा आत गेला, एकूण ८ गुण. ठीक आहे. कोणाचाही दिवस खराब जातो. माझीही कॅश एकदा पाचशेनं कमी भरली होती. पण सामन्यानंतर वार्ताहरांनी विचारलं, की काय चुकलं? आणि आमचे जासाहेब म्हणाले, कोचमंडळींना विचारा.

मी ताडकन उठलो. वाक्य ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, आमचंच होतं! ‘साहेबांना विचारा’, ‘चार नंबरला विचारा’, ‘हेड ऑफिसला विचारा’, ‘सिस्टिम डाऊन आहे, सिस्टिमला विचारा’. आम्ही कारकुनांनी पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार केलेलं हे वाक्य एका कोट्यधीश खेळाडूनं भर सभेत आमच्या नाकावर टिच्चून वापरावं?

या वाक्याला काही नियम आहेत महाराज. ते वापरायला पगाराची कमाल मर्यादा हवी. ज्याच्या हातात काही नसतं, त्यानं ‘वर विचारा’ म्हणायचं असतं. बी.कॉम.ला आम्हाला हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वं होती. तेरा मी विसरलो. एक आठवतं, कारण परीक्षेत तेच आलं होतं: जिथे अधिकार तिथे जबाबदारी. ज्याला विचारून संघ बांधला जातो, ज्याचं चित्र तिकिटावर छापतात, ज्याच्या नंबरची बंडी सांगलीतला एक पोट सुटलेला माणूस घालतो, त्याच्यावर कोण साहेब उरला? कोच? त्या बिचाऱ्या तुओमास ईसालोला मुख्य कोच होऊन वर्षही झालं नव्हतं. आधीचा टेलर जेंकिन्स तर मार्च २०२५ मध्ये हंगामाचे नऊ सामने शिल्लक असताना घरी गेला होता. त्या संघात साहेबांच्याच बदल्या होत होत्या आणि कारकून होता तिथेच होता. तरी विचारायचं साहेबांना!

भाच्याला फोन केला. तो त्याच्याच बाजूचा. “मामा, तुम्हाला माहीत नाही. हा कोच थोडा वेळ खेळवतो आणि लगेच बाहेर बसवतो. लय लागायला वेळ मिळत नाही त्याला.”

असेल बाबा. कोच चुकतही असेल. मग त्याच्या खोलीत जा, दार लाव, टेबलावर मूठ आपट. मी स्वतः आमच्या मॅनेजरशी कडाक्याचा भांडलेलो आहे, पण दार लावून. खिडकीपलीकडच्या माणसाला त्यातला एक शब्द ऐकू गेला नाही. पराभव झाल्यावर ‘आज मी वाईट खेळलो’ एवढं म्हणायला काय लागतं? तीनात अकरा मिळवले की चौदा होतात, हे सगळ्यांना दिसलेलंच होतं. त्यानं ते नुसतं तोंडानं म्हटलं असतं, तर मी आठ गुणांवरही पेढे वाटले असते.

त्या दिवशी आपल्याकडे १ नोव्हेंबर होता. शनिवार, पण पहिला, म्हणजे बँक चालू. त्यातून नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. निवृत्त मंडळींची रांग दारापर्यंत गेली होती आणि मी मनातल्या मनात मेंफिसला पत्र लिहीत होतो. रांगेत पुढे एक गुरुजी होते, ऐंशीच्या घरातले. यंत्रावर अंगठा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाही.

“का हो लागत नाही?”

“काय माहीत. साहेबांना विचारा,” मी म्हणालो. सवयीनं. मान वर न करता.

गुरुजी हलले नाहीत. “साहेब आत आहेत,” ते म्हणाले. “खिडकीत तर तुम्ही बसलाय.”

मी उठलो. ओला रुमाल आणला, यंत्राची काच पुसली, गुरुजींचा अंगठा पुसला. खडू धरून धरून त्यावरच्या रेघा पार गेल्या होत्या. पाचव्या खेपेला दुसरं बोट लावलं तेव्हा लागलं. मागची रांग मला काय काय म्हणत होती ते इथे छापता येणार नाही.

रात्री बातमी आली, की संघाच्या हिताला बाधक वर्तन केल्याबद्दल मेंफिसनं स्वतःच जा ला एका सामन्यापुरतं निलंबित केलं आहे. तो सामना टोरांटोला होता, आपल्याकडे सोमवारी भल्या पहाटे. मी गजर लावून उठलो. सौ. जागी झाली.

“आज तुमचा मोरे नाही ना खेळायला?”

“नाही.”

“मग उठलात कशाला?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. साहेबांना विचारावं म्हटलं, तर ते झोपलेले असणार. मी आवाज बारीक केला आणि बंडी शोधायला लागलो.