प्रवेशद्वारावरचा फलक

जंगलाच्या दारातील माहितीफलक किंवा पर्यटकाच्या हाती पडणारे माहितीपत्रक यांच्याकडे मराठीचा अभ्यासक लेखन म्हणून पाहत नाही. ते स्वाभाविकही आहे. परंतु पहिल्यांदाच रानात शिरणाऱ्या माणसाने तेथे काय पाहावे, हे त्याला प्रथम सांगणारा मजकूर तोच असतो. म्हणून या उपेक्षित गद्याचा विचार साहित्याच्या प्राध्यापकांनीच करायला हवा, असे माझे मत आहे.

सेलूसारख्या गावात शिकवताना हा प्रश्न अधिक टोचतो. आमचा मुलूख कापसाचा आणि ज्वारीचा. दुधनेच्या काठी बाभळी आहेत. पण ज्याला अरण्य म्हणावे असे जवळपास काही नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींचे लेखन आमचा विद्यार्थी वाचतो, तेव्हा मोह, तेंदू, ऐन ही त्याच्या लेखी केवळ नावे असतात. काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन एका अभयारण्यात गेलो होतो. प्रवेशद्वारावरच्या फलकावर वेळा होत्या, शुल्क होते आणि त्याखाली ‘सक्त मनाई आहे’ असे संपणारी वाक्ये होती. तीन तासांची फेरी झाली. वाघ दिसला नाही. ‘काहीच दिसले नाही’ असा निवाडा देत मुले जीपमधून उतरली. परतताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्यात मोहाचे झाड कोणते होते?” मला सांगता आले नाही. मोह मी वीस वर्षे शिकवत होतो.

माझी तक्रार नियमांविषयी नाही. माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम केला, पायी हिंडून रान पाहिले. २०१३ पासून ते रान नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि सफारीला गेलेल्या पर्यटकाला ठरलेल्या रस्त्यावर वाहनात बसूनच राहावे लागते. वाघाच्या घरात हे योग्यच आहे. आल्प्समध्ये १९१४ साली स्थापन झालेल्या स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय उद्यानात पायी फिरता येते. पण आखलेली पायवाट सोडायची नाही, कुत्रा न्यायचा नाही, फूल तोडायचे नाही. म्हणजे बंधने तेथेही कठोर आहेत. प्रश्न एवढाच की, बंधन घातल्यानंतर पाहुण्याने कशाकडे लक्ष द्यावे, हे त्याला कोणी सांगते काय? ‘गोंगाट करू नये’ हे वाक्य पुरेसे नाही. ‘शांत राहा, वानराचा खोकल्यासारखा आवाज कानी आला, तर त्याने झाडावरून वाघ किंवा बिबट्या पाहिला असण्याचा संभव आहे’ असे लिहिले, तर नियम कळतो, त्याचे कारण कळते आणि ऐकण्यासारखे काही हाती लागते.

फलकावर ललित लेखन नको, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. तेथे अलंकार नकोत. नेमके शब्द हवेत. ते शब्द मराठीत आहेत. चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. नोकरीच्या काळात रानात राहणाऱ्यांकडून त्यांनी झाडांची, पक्ष्यांची नावे आणि त्यांविषयीचे ज्ञान गोळा केले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन आपण त्यांचा गौरव केला. जून २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजलीचे लेखही आपणच लिहिले. त्यांची शब्दसंपदा मात्र आपण अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांपुरती ठेवली. ज्या रानातून ती आली, तेथे जाणाऱ्या सामान्य माणसापर्यंत ती पोहोचवणे हे आपले काम आहे, असे आपल्याला वाटले नाही.

उपयोजित मराठीत आपण बातमी आणि जाहिरात लिहायला शिकवतो. त्यातच एका झाडाविषयी पाच वाक्ये लिहायला सांगावे. खोड कसे, पान केव्हा गळते, फुलावर कोण येते, माणसे त्याचे काय करतात, हे त्या पाच वाक्यांत यावे. वाचणाऱ्याला ते झाड ओळखता आले, तरच गुण द्यावेत. त्यासाठी नागझिऱ्याला जाण्याची गरज नाही. या वर्षी मी दुधनेकाठच्या बाभळीपासून सुरुवात करणार आहे आणि पहिली पाच वाक्ये मलाच लिहावी लागतील.