धूम्रपानाचा कर्ता कोण?

नाशिकला कविसंमेलन आटोपले की आम्ही मंडळी बाहेरच्या टपरीवर, पत्र्याखाली जमतो. सिगारेटी पेटतात, धूर म्हणजे चिंतन हे आमचे झिजलेले रूपक पुन्हा कामाला लागते. त्या रूपकात टपरीवाला मात्र नसतो. 'धूम्रपाना'तले पान त्याच्याही वाट्याला येते. संमती तेवढी कुणी विचारलेली नसते.

ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली जपानमधील, स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास मांडला : नवरा ओढणारा असेल तर बायकोला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हृदयविकाराचेही तेच. निर्धोक म्हणावे असे या धुराचे प्रमाणच नाही. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. त्या यादीत ग्रंथालयेही होती.

व्यक्तिस्वातंत्र्याचा युक्तिवाद आम्हीही केला आहे. पण जे दुसऱ्याच्या छातीत शिरते, ते केवळ आमचे स्वातंत्र्य कसे? शोषितांच्या बाजूने लिहिणाऱ्या आम्ही आधी शेजारच्याचा श्वास मोकळा सोडावा, कविता त्यानंतर.