पर्चेसवाला आधी काय बघतो

भोसरीतला गाळा सोडून चाकणला शेड टाकलेल्या एका कारखानदार मित्रांनी मागच्या उन्हाळ्यात नवी वेबसाइट केली. ड्रोनने शेड टिपली, व्हीएमसीच्या रांगेवरून कॅमेरा फिरवला, मागे तबला वाजतोय. खर्च विचारू नका. दिवाळीनंतर एका लग्नात मोठ्या कंपनीच्या पर्चेसमधला ओळखीचा मुलगा भेटला. म्हणाला, "काका, तुमचं नाव आमच्या यादीत आलं होतं, पण तुम्ही धंदा बंद केलात ना?" गूगलच्या नकाशावर भोसरीच्या गाळ्याखाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद' असं लिहिलेलं होतं. नव्या पत्त्याची नोंद कुणी केलीच नव्हती. वेबसाइटपर्यंत तो मुलगा पोचलाच नाही.

त्याला दोष देता येत नाही. वीस नावांतून चार ठेवायची असतात, तेव्हा पर्चेसवाला उत्तम कारखाना शोधत नसतो. सोळा नावं कटवायला कारण शोधत असतो. उद्या पार्ट वेळेवर आला नाही आणि लाइन थांबली, तर "हा व्हेंडर कुणी आणला?" हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतो. ऑनलाइन प्रतिमा हा शब्द ऐकला की आपण लोगो आणि व्हिडिओकडे धावतो, तो मात्र म्हणूनच अगदी रुक्ष जागी बघत असतो.

उदाहरणार्थ जीएसटीचं पोर्टल. तुमचा जीएसटी क्रमांक तिथे कुणीही, लॉगिन न करता टाकू शकतो. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, कोणत्या महिन्याचं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं, सगळं समोर येतं. तुम्ही जीएसटीआर-१ भरला नाहीत तर तुमचं बिल त्याच्या २बी मध्ये दिसत नाही आणि त्याचं क्रेडिट अडकतं. म्हणजे त्याच्या दृष्टीने सलग तीन महिने उशिरा भरलेलं रिटर्न हीच तुमची पहिली जाहिरात, आणि ती वाईट आहे. तीच गोष्ट आयएसओ किंवा आयएटीएफच्या सर्टिफिकेटची. मुदत संपलेलं सर्टिफिकेट साइटवर टांगून ठेवण्यापेक्षा काहीच न टांगलेलं बरं.

हे सगळं ठीकठाक असेल तर मग लिंक्डइन वगैरे. तिथे आपली मंडळी काय टाकतात ते मी रोज बघतो. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, खंडेनवमीला हार घातलेलं मशीन, आणि पैसे भरून मिळालेला कुठला तरी 'उद्योग' नावाचा पुरस्कार. मशीनचा फोटो मला आवडतो, त्यात निदान मशीन तरी दिसतं. पण या कशातूनही समोरच्या इंजिनिअरला हे कळत नाही की याला काम येतं का.

सातपूरच्या एका टर्निंगवाल्यांनी वेगळं केलं. त्यांच्याकडे पातळ भिंतीचा बुश होता, बोअर वारंवार रिजेक्ट होत होता. तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट धरून बोअर केला की मशीनवर तो गोल दिसायचा. चक सोडला की भिंत मागे यायची आणि बोअरला तीन बारीक फुगवटे यायचे. गंमत अशी की दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजवर हा दोष जवळजवळ दिसतच नाही, कुठेही फिरवा, माप तेच. गिऱ्हाइकाकडे तीन टोकांचा बोअर गेज होता, म्हणून तिथे पार्ट परत. यांनी बुशच्या मापाचे, जवळजवळ पूर्ण घेर धरणारे मऊ जबडे बनवले, पकड हलकी केली, फिनिशचा कट वेगळा घेतला. एवढंच बारा ओळींत लिहिलं, सोबत जबड्यांचा फोटो. आपला माल परत आला होता हेही लिहिलं, त्याचं मला जास्त कौतुक वाटतं. लाइक नऊ. त्यातले तीन घरचे.

त्यावरून लगेच ऑर्डर आली असं लिहिलं असतं तर संपादकाला बरं वाटलं असतं. आली ती एक चौकशी, पुण्यातल्या एका क्वालिटी मॅनेजर बाईंची. कोटेशनमध्ये हे महाग पडले. पण यांचं नाव व्हेंडरच्या यादीत चढलं आणि ड्रॉइंग आता थेट यांना येतं. खरेदी-विक्रीच्या पोर्टलवरच्या चौकशीसारखं दहा जणांना एकदम जाऊन भाव पाडण्याची शर्यत लागत नाही. माझ्या मते हा मोठा फरक आहे.

एक सांभाळा. फोटो जबड्यांचा होता, गिऱ्हाइकाच्या पार्टचा नव्हता. टेबलावर पसरलेलं ड्रॉइंग, क्रेटवरचा पार्ट नंबर मागे दिसत असेल तर गुप्ततेच्या कराराचा भंग होतो, आणि तो फोटो सर्वांत आधी तुमच्या गिऱ्हाइकाचाच माणूस बघतो.

कारखान्याने लिहावं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याचं पत्र म्हणून. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ज्यांना कधी नांगर घ्यायचा नव्हता अशी घरंही ते वाचू लागली. आपल्याला तेवढी मजल मारायची नाही. महिन्यातून एक अडलेलं काम, ते कसं सुटलं, आपल्याच भाषेत, कारखान्यातल्या शब्दांत. लिहायला मुलगा किंवा सून बसली तरी चालेल, पण सांगणारा मशीनवरचा माणूस हवा. एजन्सीच्या मजकुरात 'अत्याधुनिक' हा शब्द तीनदा येतो आणि टॉलरन्स एकदाही येत नाही.

चाकणच्या मित्रांना गेल्या आठवड्यात विचारलं, नकाशाचं काय झालं. म्हणाले, झालं, मुलाने नवा पत्ता टाकला. मी खात्री करायला उघडून बघितलं. पत्ता बरोबर होता. खाली फोन नंबर अजून भोसरीच्या गाळ्यातल्या लँडलाइनचा होता.