सावलीचेही दान

वैशाख लागताच जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत दुकानांसमोर पाणपोया उभ्या राहतात. दुपारी रस्ते ओस पडतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे गेल्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. माणूस घरात शिरून कूलर लावतो. सातपुड्यातील वन्य प्राणी त्या वेळी काय करीत असतील?

त्यांचा मुख्य उपाय हालचाल थांबवून थंड जागा गाठणे हाच असतो. १९६९ साली जाहीर झालेल्या यावल अभयारण्यातील अस्वल कपारीत वा गुहेत दिवस काढते. खोकड आणि साळिंदर बिळात असतात. जमिनीखाली काही फुटांवर दुपारची झळ फारशी पोहोचत नाही. रानडुकराला घामाने अंग निववता येत नाही, म्हणून ते चिखलात लोळते. आपल्याकडील ससा बीळ खणत नाही. तो झुडपाखाली निश्चल बसतो आणि लांब कानांतील रक्तवाहिन्यांवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकतो. वटवाघळे जुन्या वड-चिंचेच्या फांद्यांना लटकून पंखांनी वारा घेतात.

खानदेशात याखेरीज आणखी एक आसरा आहे, तो म्हणजे केळीची बाग. वर दाट पाने, खाली ओल आणि जवळच पाणी. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा वनक्षेत्रालगतच्या केळीबागांत वाघही विसाव्याला येतात. मात्र त्याच बागेत मजूरही राबतात. अचानक समोरासमोर गाठ पडली, तर दोघांच्याही जिवावर बेतते.

म्हणूनच उन्हाळ्यातील जीवदया पाण्याच्या कुंडापाशी संपत नाही. गावालगत ठेवलेले पाणी वन्य प्राण्यांना वस्तीत ओढून आणते. पाणवठा कोठे असावा, हे वनविभागाला विचारूनच ठरवावे. ज्या कुटुंबांची शेती आहे, त्यांनी उघड्या विहिरींना कठडे बांधावेत, बांधावरील झुडपे पेटवू नयेत, जुनी झाडे तोडू नयेत. जंगलालगतच्या बागेत मजुरांना एकटे पाठवू नये. पाऊलखुणा दिसल्यास काम थांबवून वनविभागास कळवावे. दडलेल्या प्राण्याला गर्दी करून, फटाके वाजवून भर उन्हात हुसकावणे म्हणजे त्याचा आसरा हिरावणे होय, आणि बिथरलेला प्राणी माणसालाही घातक ठरतो.

अभयदान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले गेले आहे. वैशाखातल्या दुपारी एखाद्या मुक्या जिवाला त्याच्या सावलीत निवांत राहू देणे, हेही अभयदानच आहे.