विजेचा कारागीर शिकलेला हवा

मोटेचा दोर झिजला की आमच्या वाडवडिलांच्या तो हाताला लागे आणि काम सुरू करण्यापूर्वी ते तो बदलीत. विजेच्या पंपाचे तसे नाही. तारेत दोष असला तरी मोटार फिरते, पाणी चढते आणि आम्ही निर्धास्त राहतो. हा निर्धास्तपणा आम्हांस किती महाग पडणार होता ते प्रथम सांगतो.

जुलै 2019 मध्ये उल्हास नदीस मोठा पूर आला, तेव्हा काठावरील आमची मोटार पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर ती उन्हात वाळविली आणि कार्तिकात, भाजीपाल्याच्या वेळी, गावातील एका हुशार मुलाकडून जोडून घेतली. मुलगा पंखे व मिक्सर दुरुस्त करणारा. परवाना त्यास नव्हता आणि आम्ही तो विचारलाही नाही. परवाना असलेल्या वायरमनने सांगितलेल्या मजुरीच्या निम्म्यात काम झाले, यातच आम्हांस समाधान! पुरात अर्थिंगचा नळ वाहून गेला होता. नवा पुरण्याऐवजी त्याने स्टार्टरच्या लोखंडी पेटीची अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून दिली. दोन महिने सर्व सुरळीत चालले. मग एके संध्याकाळी खांबाजवळ न्यूट्रल तुटली व खोपीतील दिवा विझला. दिव्यातून येणाऱ्या विजेस परतीची वाट उरली नाही. ती त्या जोडलेल्या तारेने पेटीत उतरली. दिवा का गेला हे पाहावयास गेलेल्या आमच्या गड्याने ओल्या पायांनी पेटीस हात लावला. तो मागे फेकला गेला म्हणून वाचला. हात चिकटून राहता तर त्याच्या बायकामुलांस आम्ही काय सांगणार होतो?

अँपियरचे हजार भाग केले आणि त्यांतील तीस जरी देहातून वाहिले तरी प्राणावर बेतू शकते. शंभर वॅटच्या साध्या दिव्यातून याच्या दहापटीहून अधिक प्रवाह जातो. इतक्या अल्प गळतीस वीज तोडणारे यंत्र बाजारात मिळते. परंतु ते कोठे व कसे बसवावे हे जाणणारा हात पाहिजे.

त्या मुलास दोष देणे सोपे आहे. त्याचा हात चांगला आहे. त्यास कोणी शिकविले नव्हते, इतकेच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री व वीजतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, आणि तारतंत्रीस आठवी उत्तीर्ण मुलासही प्रवेश मिळतो. भिजलेली मोटार वाळली असे डोळ्यांनी ठरवावयाचे नसते, 500 व्होल्टच्या मेगरने मोजावयाचे असते. अर्थिंगचा लोखंडी नळ जस्ताचा मुलामा दिलेला, निदान अडीच मीटर लांबीचा असावा लागतो. हे तेथे शिकावयास मिळते. आमच्या मुरमाड जमिनीत वैशाखात नळाभोवतीची ओल आटते, आणि त्यात पाणी घातले नाही तर नळ असून नसल्यासारखा होतो, हे मात्र शेतावर काम केल्यावाचून कळत नाही.

नियमही स्पष्ट आहे. दिवा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून व सक्षमतेचा दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावयास पाहिजे. अपघात झाल्यास 2003 च्या वीज कायद्यान्वये विद्युत निरीक्षकाची चौकशी होऊ शकते. महसूल कचेरीत असता अशा मृत्यूंची कागदपत्रे आमच्या हाताखालून गेली आहेत. दोष मीटरच्या पुढील जोडणीत होता असे एकदा लिहिले गेले की घरच्यांचा मदतीचा अर्ज बहुधा तेथेच अडे. आणि ज्या चाचणीच्या दाखल्यावर सही असे, तो सही करणारा शेतावर कधी आलाच नव्हता, असेही आम्ही पाहिले आहे. अशी सही विकत घेणारेही आपल्यांतीलच होते.

आमचे शेतकरी बंधू म्हणतील, शिकलेला वायरमन खेड्यात येतो कोठे? हे खरे आहे. कल्याण-डोंबिवलीत इमारतींवर इमारती उठत आहेत. तेथे रोजचे काम व रोजचा पैसा सोडून एका पंपासाठी तो नदीकाठचा चिखल तुडवीत का येईल? म्हणूनच आमचे मत असे आहे की, सोसायटीने आपल्याच सभासदांच्या गावांतून दोन मुले निवडून तारतंत्रीच्या अभ्यासास पाठवावी, दोन वर्षांचा खर्च सोसावा आणि परवाना मिळाल्यावर पाच वर्षे आपल्या पंपांचे काम पूर्ण मजुरीने त्यांस द्यावे. मजुरी निम्मी करूनच आम्ही त्यांस शहरात पळविले तर दोष शहराचा नव्हे. मुलींनीही हे काम शिकण्यास हरकत आम्हांस दिसत नाही. ती शिकून येईतो, सध्या काम करणाऱ्या गावोगावच्या मुलांसाठी पेरणीपूर्वी दहा दिवसांचा वर्ग भरवावा, आणि सोसायटीने एक मेगर घेऊन दर पावसाळ्यानंतर प्रत्येक मोटार त्याने तपासून घ्यावी.

आमच्या खोपीपाशी आता परवानाधारक वायरमनच्या देखरेखीखाली नवा नळ पुरला आहे. खड्डा त्याच मुलाने खणला आणि काम संपेपर्यंत तो तेथून हलला नाही. निवड करावयाची झाल्यास पहिले नाव आम्ही त्याचे सुचवू. हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे ठेवण्याविषयी चिटणीसांस लेखी कळविले असून मेगरच्या खरेदीसाठी आमची वर्गणीही त्यासोबत पाठविली आहे.